आठ माणसांच्या शेवया

शेवया करायला अक्कल लागत नाही, असं मी जन्मभर म्हणत आले. भाकरीला हात लागतो, बिर्याणीला नशीब लागतं, शेवयांना नुसतं लक्ष लागतं. दारात अचानक कुणी उभं राहिलं, पोर शाळेतून भुकेनं रडवेलं आलं, तापातून उठलेल्या माणसाच्या तोंडाला चव नाही, की करा शेवया. पाहुणा चपला काढून, पाणी पिऊन, घरच्यांची चौकशी करेपर्यंत ताटात येतात. म्हणून गेल्या वर्षी माझ्याच स्वयंपाकघरात शेवयांवरून माझा जीव असा टांगणीला लागेल, हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

झालं असं, की हे घरी आले. हे म्हणजे माझा नवरा. श्रीवर्धनच्या आमच्या मोहल्ल्यात असं घर शोधून सापडायचं नाही, ज्यातलं कुणी ना कुणी आखातात गेलेलं नाही. आमचे हे तर लग्नाच्या आधीपासून तिकडं. लग्नाला म्हणून आले, महिनाभर राहिले, गेले. त्यानंतर दर दोन वर्षांनी दोन महिने. दोन्ही पोरं जन्मली तेव्हा नव्हते, बापाच्या मय्यतीला पोचले नाहीत. पोरांना लहानपणी अब्बा म्हणजे साबणाचा आणि चॉकलेटचा वास येणारी एक मोठी बॅग, एवढंच ठाऊक होतं.

आता मुलगा पुण्याला नोकरीला लागला, मुलगी म्हसळ्याला सासरी सुखात आहे, घरावर स्लॅब पडला. आणि हे सहा महिन्यांची मोठी रजा घेऊन आले. या सहा महिन्यांचा अर्थ आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतो. तेवढ्यात परत गेलं नाही, तर तिकडचा परवाना आपोआप संपतो आणि या वयात दुसरा कुणी देत नाही. कंपनीला यांनी ना हो म्हटलं होतं, ना नाही. मलाही तेच. विचारलं की म्हणायचे, बघू. जायला कारण उरलं नव्हतं. राहायला कारण आहे का, ते यांचं यांना ठरवायचं होतं. आणि मला हे राहायला हवे होते. उगाच आडपडदा कशाला ठेवू?

आल्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. पहाटे फजरची नमाज झाली की मी जरा परत आडवी होते, माझी जुनी खोड. डोळा लागतो न लागतो तोच स्वयंपाकघरात भांडी वाजली. मांजर आलं समजून मी अंथरुणातूनच ओरडले. भांडी थांबली नाहीत. उठून बघते तर हे लुंगी-बनियनवर, खांद्याला टॉवेल, गॅसवर माझा ईदचा टोप, आणि शेजारी शेवयांची दोन पाकिटं फाडून रिकामी. टोपातलं पाणी खळखळ उकळत होतं आणि यांच्या हातात माझी पिठाची चाळण होती.

मी विचारलं, कोण यायचंय का. म्हणाले, कुणी नाही.

"मग हा ढीग कुणासाठी?"

यांनी टोपात बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला.

"मला एवढ्याच करता येतात," म्हणाले.

मी डोक्याला हात लावला. तोवर यांनी पिठाच्या चाळणीत शेवया ओतून पाणी मोरीत सोडूनसुद्धा दिलं होतं. मग टोपात तूप, त्यावर साखर, वेलची, बॅगेतून काढलेल्या बाटलीतलं गुलाबपाणी, बोटाच्या चिमटीत केशर. सगळं हलकंसं वरखाली करून मंद गॅसवर झाकण ठेवलं. इथवर ठीक होतं. मग अंडी फोडली. मीठ आणि मिरपूड घालून फेटली, तव्यावर धोतरासारखं पातळ आम्लेट घातलं आणि गोड शेवयांवर पांघरूण घालावं तसं ते अंथरलं. खाली साखर, वर मीठ. तौबा. मी म्हटलं, हे माणसानं खायचं आहे का? यांनी मुकाट एक घास माझ्यापुढं धरला. खरं सांगू? चांगलं लागत होतं. मी सांगितलं नाही.

मग एकेक कळत गेलं. यांच्या खोलीत आठ जण राहायचे. एकावर एक पलंग, एक गॅस, एक न्हाणीघर, आणि स्वयंपाकाच्या पाळ्या ठरलेल्या. शुक्रवारची सकाळ यांची. बाकीचे दिवस कंपनीची बस पहाटे यायची, म्हणून शुक्रवारी सगळे पांघरुणात गुडूप. हे एकटे उठायचे आणि शेवया करायचे. वेलचीचा वास सुटला की एकेक मुंडकं बाहेर यायचं. ही कृती कुणा मालकाच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं शिकवली होती, तिकडचे लोक सकाळच्या न्याहारीला असंच खातात म्हणे. सातही जण आपापल्या मुलखातले, कुणी केरळचा, कुणी हैदराबादचा, दोघं बिहारचे, पण शुक्रवारच्या शेवया यांच्याच हातच्या लागायच्या.

मी तर थक्कच झाले. इतकी वर्षं फोनवर मी विचारायची, जेवलात का. हे म्हणायचे, जेवलो. मी समजायची, हॉटेलात जेवतात. घरी आले की पाहुण्यासारखे दस्तरखानावर बसायचे, मी वाढायची. दोन महिन्यांत घावनं, सुरमईचं कालवण, मटण, सगळं खायला घालून धाडायची. स्वयंपाकघराचा उंबरा यांनी कधी ओलांडला नव्हता, आणि मला वाटायचं या माणसाला चहासुद्धा येत नाही.

असो. पण आठ माणसांच्या शेवया दोघांनी किती खायच्या? पहिल्या दिवशी दोन्ही वेळा खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी शेजारी वाटल्या. शेजारणीनं अंड्याखाली साखर बघून मला सरळ विचारलं, तुझी तब्येत बरी आहे ना. तिसऱ्या दिवशी उरलेल्या कोंबड्यांना घातल्या. आणि चौथ्या दिवशी शुक्रवार होता, हे पुन्हा उठले आणि पुन्हा तोच टोप. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, माझ्या कोंबड्यांना साखरेचा आजार झाला तर तुम्ही बघणार आहात का? हे हसले नाहीत. हातातला डाव खाली ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. तेव्हा मला कसंतरीच झालं.

म्हणून ठरवलं, माणसाला दोघांपुरतं करायला शिकवायचं. त्यात काय एवढं, दोन माणसांना दोन मुठी. हे शहाण्या पोरासारखे शेजारी उभे राहिले. दोन मुठी शेवया बरोबर घेतल्या, आणि साखर मात्र हातानं आपोआप आठ जणांची घातली. दुसऱ्या खेपेला साखर जमली, तर शेवया झाकण ठेवून मंद गॅसवर तशाच ठेवून दिल्या. मी म्हणते उतरवा, तर हे म्हणतात, थांब जरा. कशासाठी थांबायचं, ते यांनाही सांगता येईना. मग ध्यानात आलं. खोलीत न्हाणीघर एकच, शेवटचा अंघोळ करून येईपर्यंत टोप गॅसवरच राहायचा. इथं आम्ही दोघंही अंघोळी करून समोरासमोर उभे, आणि हा माणूस शेवटच्याची वाट बघतोय. त्या दिवशी शेवयांची खळ झाली. पतंगाला कागद चिकटवावा अशी. मी ती सगळी खाल्ली.

मग मी माझी पद्धत दाखवायला घेतली. आमच्याकडच्या सोड्यांच्या शेवया. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, ती आधी कोमट पाण्यात भिजत घालायची. शेवया चमचाभर तेलावर परतायच्या, बदामाचा रंग आला की ताटात काढायच्या, कारण गरम कढईत ठेवल्या की त्या आपल्या आपण करपतात. त्याच कढईत कांदा, हिरवी मिरची, कढीपत्ता, मग सोडे. सोड्यांचा वास बदलला की हळद, मीठ आणि उकळतं पाणी. उकळतंच, गार ओतलं तर लगदा. पाणी शेवयांच्या दीडपट, जास्त नको. शेवया घातल्यावर डावानं ढवळायचं नाही, दोन काट्यांनी उचलून सोडायच्या. पाणी आटलं की गॅस बंद, वर लिंबू, ओलं खोबरं, कोथिंबीर. ताटात वाढताना भुरभुर पडल्या पाहिजेत.

आणि ज्या दिवशी तिखट नको त्या दिवशी नारळाचा रस. शेवया नुसत्या मिठाच्या पाण्यात शिजवून निथळायच्या, वाडग्यात घालायच्या. नारळाच्या दुधात गूळ आणि वेलची घालून ते कोमट करायचं, उकळू द्यायचं नाही, नाहीतर फुटतं. खायच्या वेळी वरून ओतायचं. आधी ओतून ठेवलं तर शेवया सगळा रस पिऊन टाकतात आणि वाडग्यात चमचा उभा राहतो. ही कृती यांना फार आवडली. नारळ फोडायचं आणि खवायचं काम यांनी आपणहून अंगावर घेतलं.

एवढ्याशा जागेत आम्ही दोघं एकमेकांना सारखं 'सरका', 'सरक' म्हणत होतो. लग्नाला इतकी वर्षं होऊनही हा शब्द आमच्यात नवा होता. मी तोंडानं करवादत होते, पण आतून मला इतकं बरं वाटत होतं, की मी मुद्दाम सकाळची मिरची चिरायची बाकी ठेवायची.

आणि मग एक दिवस मांडणीवरून ताट काढलं, तर कडेला लाल ठिपका. बघते तर एका पेल्यावर, एका वाडग्यावर, एका चमच्यावर, सगळीकडं लाल ठिपका. फाटकाला लावून उरलेला रंग होता, त्याचा. यांना विचारलं, तर सहज म्हणाले, तिकडं ज्याचं त्याचं वेगळं असतं, नाहीतर भांडणं होतात. मी म्हटलं, इथं तुमचं ताट चोरायला मी एकटीच आहे. हे ओशाळून हसले. मी मागच्या वाडीत गेले आणि सुपारीच्या झाडाला धरून रडले. मला राग आला होता की वाईट वाटलं होतं, ते माझं मलाच सांगता येत नव्हतं. यांची बॅगही अजून पलंगाखालीच होती. रोज तिच्यातून शर्ट काढायचे आणि धुऊन वाळला की घडी करून परत तिच्यातच ठेवायचे. मी कपाटाचे दोन खण रिकामे करून दिले होते, ते तसेच रिकामे होते.

त्यात मोहल्ल्याचं तोंड. आमच्याकडं आखातातून आलेल्या माणसाला दोनच प्रश्न विचारतात. कधी आलात, आणि कधी जाणार. कसे आहात हे कुणी विचारत नाही. मशिदीच्या पायरीवर तेच, मासळीवालीच्या टोपलीपुढं तेच. सलाम घेतात आणि लगेच, कधी जाणार? विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, आपल्याकडं 'काय चाललंय' म्हणतात तसंच. पण हे दर वेळी खाली बघून 'बघू' म्हणायचे, आणि मी मनात दिवस मोजायची. पाच महिने होत आले होते.

समुद्राकडं जाणाऱ्या रस्त्याला एक कट्टा आहे. त्यावर असे परत आलेले सगळे बसलेले असतात. इस्त्रीचा शर्ट, अत्तर, हातात घड्याळ, आणि काम काही नाही. सगळ्यांनी कधी ना कधी अशाच खोल्यांतून दिवस काढलेले. एका गुरुवारी मी तिकडून येत होते आणि डोक्यात आलं, या माणसाला दोघांपुरतं जमत नाही ना, मग आपण खाणारे वाढवू. मी तशीच कट्ट्यापुढं जाऊन उभी राहिले. मी उभी राहिले की लोक जरा सावरून बसतात, माझ्या तोंडाचा पट्टा सगळ्यांना माहीत आहे. म्हटलं, उद्या सकाळी आमच्याकडं न्याहारीला या. रिकाम्या पोटानं या. आणि कुणी यांना 'कधी जाणार' असं विचारलं, तर भरल्या ताटावरून उठवीन.

घरी येऊन यांना सांगितलं, उद्या सात जण येतायत, दोन पाकिटं फोडा. यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला पदर सारखा करावासा वाटला.

शुक्रवारी सकाळी काय तो थाट. हे फजरच्या आधी उठले. मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही, म्हणाले, तू आज पाहुणी. सात जण वेळेवर आले. मोठा थाळ मध्ये ठेवला, सगळे गोल बसले, आणि आम्लेटचं पांघरूण कुणीतरी बोटानं फाडलं. त्यानंतर कुणी बोललं नाही. बाहेरच्या माणसाला वाटावं भांडण झालंय. मान खाली घालून, भराभर, बस सुटायच्या बेतात असल्यासारखे खात होते. थाळ पुसून झाल्यावर एकजण म्हणाला, भाई, केशर आमच्या खोलीत कुणी घालत नव्हतं. मग जे हसू फुटलं. कुणाच्या खोलीत काय करपायचं, कोण मीठ विसरायचा, कोण आपल्या पाळीला आजारी पडायचा, एकाचं दुसऱ्याला ऐकू येईना. मी दाराआडून ऐकत होते. यांचं हसणं असं मोठं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि उठल्यावर काय करावं त्यांनी? एकामागून एक मोरीपाशी रांगेत उभे राहिले आणि आपापला चहाचा कप स्वतः धुऊन पालथा घातला. मी नको नको म्हणते तर कुणी ऐकेना. शेजारणीनं खिडकीतून बघितलं असतं तर मोहल्ल्यात माझी शोभा झाली असती.

मला वाटलं, जिंकले. दर शुक्रवारी हेच करायचं, माणूस रमेल, रजेचे दिवस कधी संपले ते कळणारही नाही. मी आपली खुशीत बांगडे साफ करायला बसले. हे जुम्याची नमाज पढून आले, टोपी काढून घडी केली, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

म्हणाले, कंपनीचा फोन होता. तिकीट पाठवतायत. जावं म्हणतो.

मी म्हटलं, सकाळी तर केवढे हसत होतात.

"हसलो," हे म्हणाले. "बरं वाटलं. पण ते जेवले आणि आपापल्या घरी गेले." मग म्हणाले, "तिकडं मी उठलो नाही तर सात माणसं उपाशी राहतात. इथं मी उठलो नाही तर कुणाचं काही अडत नाही."

हे रागानं म्हणाले असते तर मी दोन शब्द सुनावले असते. पण यांनी ते अगदी साधेपणानं सांगितलं, आज वारा पडलाय असं सांगावं तसं. आणि ते खरं होतं. गॅसचा सिलिंडर मी लावते, वाडीला पाणी मी सोडते, विजेचा माणूस आला तर मला हाक मारतो. पोरं आजारी पडली, शाळेत गेली, पोरीचं लग्न झालं, या घरात यांच्यावाचून काही अडलं नाही. मी अडू दिलं नाही, त्याचंच मला कौतुक व्हायचं.

आमच्याकडं माणूस जायला निघाला की बायका 'जाऊ नका' म्हणत नाहीत. 'सुखरूप जा' म्हणतात. माझ्या सासूनं मला पहिल्याच खेपेला बजावलं होतं, दारात डोळ्यांतून पाणी काढायचं नाही, त्याचा पाय जड होतो. मी कधी काढलं नाही. इतक्या वेळा निरोप दिले, पण तो शब्द तोंडातून बाहेर पडू दिला नाही. त्या दुपारी मात्र, हात मासळीचे, पदर खोचलेला, मी बसल्या जागेवरून म्हणाले,

"जाऊ नका."

यांनी हातातली टोपी खाली ठेवली. म्हणाले, हे तू आधी कधी म्हणाली नाहीस.

"म्हटलं असतं तर तुम्ही राहिला असतात," मी म्हणाले. "मग पोरांनी खाल्लं काय असतं?"

आणि मग मला रडू आलं, हमसून, पोरासारखं. मासळीचे हात तोंडाला लावता येईनात, डोळे पुसता येईनात. मी म्हणत होते, माझं अडतं. इतकी वर्षं अडलं नाही कारण अडून चालणार नव्हतं. आता मला थकवा येतो, आता अडू दे की माझं. हे खाली बसले. आपल्या टॉवेलनं माझं तोंड पुसलं, जरा जोरातच पुसलं, सवय नव्हती.

"मी इथं करू काय?" यांनी विचारलं.

मी म्हटलं, मला माहीत नाही. पण जे करायचं ते इथं करा.

यांनी माझ्या पुढ्यातले बांगडे ओढून घेतले आणि साफ करायला लागले. चुकीचे करत होते. मी करू दिले.

संध्याकाळी अस्रच्या नमाजेनंतर यांनी फोन घेतला आणि बाहेर ओट्यावर गेले. मी दिवा लावायच्या निमित्तानं दाराच्या आत उभी राहिले. आधी कंपनीच्या साहेबाशी बोलणं झालं. मग खोलीतल्यांनी फोन लावला असावा, कारण पलीकडून एकदम कलकलाट ऐकू आला. तिकडं सगळ्यांना हीच खबर हवी होती, कधी येणार. हे खाकरले.

"बीवी जाने नहीं देती, भाई," म्हणाले.

पलीकडं जोरात हसले. फोन दुसऱ्यानं घेतला असावा, कारण हे पुन्हा तेच म्हणाले, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. मग तिसऱ्याला. मग चौथ्याला, उभं राहून, एक हात कमरेवर ठेवून, समोरच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात. बीवी जाने नहीं देती. एवढा रुबाब मी यांच्या आवाजात जन्मात ऐकला नव्हता. घरावर स्लॅब पडला तेव्हासुद्धा नाही. मी दाराला टेकून ऐकत राहिले, आणि खोलीतल्या शेवटच्या माणसाला सांगून होईपर्यंत जागची हलले नाही.